आवडीतलं चहाचं दुकान आणि रविवारचा फोन

ह्यांना जाऊन आज वर्ष झालं, आणि ह्यांच्या ईमेलवर अजून भडकवणारे मेल येतात.

चेन्नईतल्या मराठी लोकांचा ईमेल ग्रुप हे चालवायचे. ह्यांनी पास केल्याशिवाय मेल पुढे जात नसे.

घराणं तंजावरचं. पुण्या-नांदेडहून आलेली आयटीतली पोरं ह्यांच्या बोलण्याला हसायची.
"काका, तुमचं मराठी शिवाजी महाराजांच्या काळातलं!"
"मग उभा राहून ऐक की रे!"

एकदा त्यांच्यातल्याच, पेरुंगुडीत राहणाऱ्या निखिलचा मेल आला. रक्ताळलेल्या चेहऱ्याचा फोटो. 'आवडी उपनगरात चहाच्या दुकानात आपल्या मराठी मुलाला मारून टाकलं. रविवारी बाइक घेऊन निघायचं.' खाली दुकानाचा पत्ता.

ह्यांनी मेल थांबवला आणि निखिलला फोन लावला.

"काका, पास करा, नाहीतर मी सगळ्यांना एसएमएस करतो."
"कर. पण आधी माझ्याबरोबर आवडीला चल."

गेले दोघं लोकलने. दुकान उघडं होतं. मालकाने फोटो बघितला, गिऱ्हाइकांना दाखवला. कुणीच ओळखेना. मारामारी झालीच नव्हती.

"अय्यो, माझ्या दुकानात?" म्हणत त्याने दोघांपुढे चहा ठेवला. निखिलने कप तसाच ठेवला.

तोवर तोच मेल दुसरीकडून पसरला होता. हे निखिलला म्हणाले, "मी लिहिलं तर म्हणतील म्हातारा घाबरला. तू लिही."

त्याने लिहिलं. 'मी स्वतः जाऊन आलो. असं काही घडलेलं नाही.'

उत्तरं आली: "बांगड्या भर." "किती मिळाले?"

पण रविवारी एकही बाइक निघाली नाही.

निखिल मात्र ग्रुप सोडून गेला. रूममेट बोलेनात, म्हणून खोलीही सोडली.

हे म्हणाले, "दुकान वाचलं गं. पोरगा एकटा पडला. माझ्यामुळे."

मग दर रविवारी त्याला फोन. आधी तो उचलायचाच नाही. पुढे उचलायचा, पण "हं"च्या पुढे जायचा नाही.
मी चिडायचे. "कशाला मागे लागता? त्याला नको असेल."
"ठेवत नाही ना फोन? मग झालं."

मी सातवी शिकलेली. बाकीचं वाचून वाचून आलं. पण समोर लिहिलेलं खरं कशावरून, हे विचारायला ह्यांनी शिकवलं.

हे गेले ते मंगळवारी. निखिलला कळवायचं राहूनच गेलं.

रविवारी घरचा फोन वाजला.

"काकू, मी निखिल. आज काकांचा फोन नाही आला."

मी सांगितलं.

फोन त्याने ठेवला नाही, मीही नाही.

मग म्हणाला, "काकू, पुढच्या रविवारी मी करू?"

करतो अजून. आता बोलतोही.

अहो, पोरगा एकटा नाही. तेवढं कळवायचं होतं.

तुम्हाला माझा नमस्कार.