पेडल नसलेल्या गाडीचा क्लच

राजेश्वरी आमच्या कारखान्यात तपासणीच्या टेबलावर बसते. बेळगावच्या उद्यमबागेत आमचा कारखाना. लेथवर कातलेला एकही दांडा तिच्या हाताखालून गेल्याशिवाय बाहेर पडत नाही. मापात केसाएवढा फरक आला तरी माल लाल पेटीत, म्हणजे बाद. मी शामू, तिथंच लेथ चालवतो. वीस वर्षांत माझे किती दांडे तिनं लाल पेटीत टाकले असतील याची गणती नाही. तेव्हा मी हे तिच्या कौतुकापोटी लिहितोय असं कुणी समजू नये.

ती वडगावातल्या विणकराच्या घरातली. तिचे वडील यमनाप्पा अजून दोन यंत्रमाग चालवतात. आई लवकर गेली, ही थोरली. धाकट्या दोघा भावांना मार्गी लावता लावता स्वतःचं लग्न राहून गेलं. त्याबद्दल तिला कधी कुरकुरताना ऐकलं नाही. पण सेहेचाळिसाव्या वर्षी तिनं गाडी घेतली आणि सगळी गल्ली कुरकुरायला लागली. कारण गाडी साधी नव्हती. दिसायला आटोपशीर, पण पाय दाबला की पाठ सीटला चिकटायची. तिच्यात क्लच दोन होते आणि ते दाबायला पेडल मात्र नव्हतं. ते काम गाडीतला संगणक करायचा.

"बाईमाणसाला एवढी पळणारी गाडी कशाला गं?" तिच्या मावशीनं विचारलं.

"पळवायला," राजेश्वरी म्हणाली.

चौदा महिने गाडी छान पळाली. मग एका रविवारी निपाणीचं लग्न आटोपून ती वडिलांना घेऊन परत येत होती. तवंदी घाट चढताना गाडी थरथरायला लागली. इंजिन गरजत होतं, पण चाकांना जोरच पोचत नव्हता. पाठोपाठ जळका वास आला आणि गाडी वळणावर बसलीच. यमनाप्पा धोतर सावरत दगडावर बसले, मागून येणाऱ्या ट्रकवाल्यांच्या शिव्या खाल्ल्या आणि दोन तासांनी क्रेन आली.

शोरूममधून चौथ्या दिवशी फोन आला. तिनं मला सोबत नेलं. तिथला मॅनेजर आशुतोष नावाचा, पुण्याकडून बदलून आलेला, बोलायला गोड.

"गाडी घरात कोण चालवतं?" त्यानं विचारलं.

"मी."

"नाही, म्हणजे नेहमी कोण चालवतं?"

"नेहमी पण मीच चालवतो." आमच्या भागातल्या बायका 'करतो', 'जातो' असंच बोलतात. आशुतोष ओठ दाबून हसला, ते आम्हा दोघांनाही दिसलं.

"मॅडम, क्लच जळलाय. काही जणांना अर्धा क्लच दाबून चालवायची सवय असते. घाटात तसं केलं की जळणारच. वॉरंटीत बसत नाही. दोन लाख दहा हजार खर्च येईल. इथं सही करा."

कागदावर छापल्यासारख्या अक्षरात लिहिलं होतं: चालवण्यातील चुकीमुळे बिघाड.

राजेश्वरी उठली. शोरूममध्ये तसलीच एक नवी गाडी हार घालून उभी होती. तिनं तिचं दार सताड उघडलं. "या हिकडं. क्लचचं पेडल कुठं हाय ते दाखवा."

आशुतोषनं सहीचा कागद पुन्हा पुढं सरकवला.

"न्हाय ना? मग मी अर्धा क्लच दाबला कुठल्या पायानं?"

गाडी बघायला आलेलं एक जोडपं फिस्सकन हसलं. आशुतोषचे कान लाल झाले. मग त्यानं पवित्रा बदलला. चढावर ब्रेक न लावता नुसत्या अ‍ॅक्सिलरेटरवर गाडी तोलून धरली की असं होतं, म्हणाला.

"मी तसं केलं हे कुणी सांगितलं?"

"सगळेच करतात, मॅडम."

"सगळ्यांचं ऱ्हाऊ दे. गाडीच्या संगणकात सगळी नोंद असते म्हणून विकताना सांगितलंत की. ती छापून द्या. त्यात माझी चूक दिसली तर आत्ता, हितं उभ्या उभ्या पैसे भरतो."

तो कागद काही आला नाही. तिनं सही केली नाही. उलट लेखी अर्ज दिला: गिअरबॉक्स माझ्यासमोर उघडा. गिऱ्हाइकाला वर्कशॉपमध्ये सोडत नाही, असं उत्तर मिळालं.

मग ती रोज जायला लागली. आमची पहिली पाळी तीनला सुटते. कारखान्याच्या निळ्या कपड्यांतच ती बस धरायची आणि सहापर्यंत शोरूमच्या सोफ्यावर ताठ बसून राहायची. कुणाशी भांडण नाही, आवाज नाही. कोणी नवीन गिऱ्हाईक शेजारी बसून "तुमची कुठली गाडी?" असं विचारलं की मात्र सगळं सविस्तर सांगायची. पाचव्या दिवशी तिला चहा विचारणं बंद झालं. सहाव्या दिवशी तिनं घरून थर्मासमधून चहा नेला आणि शेजारच्यांनाही पाजला. दहाव्या दिवशी आशुतोष म्हणाला, "या आत. दहा मिनिटं फक्त."

मीही आत घुसलो. गिअरबॉक्स उतरवून ठेवला होता. चिकोडीचा भरमू नावाचा मिस्त्री क्लच काढत होता. प्लेट कोळशासारखी काळी झाली होती, हे खरंच. पण तिच्या आतल्या कडेला ओल चमकत होती. राजेश्वरीनं बोट फिरवलं, वास घेतला.

"हा क्लच कोरडा चालतो न्हवं? मग हितं तेल कुठनं आलं?"

भरमूनं एकदा मॅनेजरकडं बघितलं. मग खाली मान घालून हळूच म्हणाला, "सील, आक्का."

"भरमू, तू तुझं काम कर," आशुतोष ओरडला.

तोवर तिनं हातबॅटरी लावून आत डोकं घातलं होतं. गिअरमधलं तेल बाहेर येऊ नये म्हणून दांड्यावर रबराचं सील बसवतात. त्या सीलची कड एका जागी कापली गेली होती. तिथनंच तेल झिरपून प्लेटवर आलं होतं. तिनं दांड्याच्या खांद्यावरनं, म्हणजे जाडी बदलते त्या कडेवरनं, नख फिरवलं आणि माझ्याकडं वळली. "शामूअण्णा, हात लाव."

मी लावला. धातूची बारीक, धारदार कूस होती. दांडा कातल्यावर कडेला अशी कूस राहते. ती घासून काढायची असते. इथं कुणीतरी ती काढली नव्हती. सील बसवताना ते कापलं गेलं. म्हणजे गाडी कंपनीतनं बाहेर पडली तीच दुखणं घेऊन. हे आम्हा दोघांना कळायला कुठल्या संगणकाची गरज नव्हती. तिनं माझे असलेच तर दांडे लाल पेटीत टाकले होते!

तिनं फोटो काढले. एकही तुकडा फेकायचा नाही, कंपनीकडं पाठवायचा नाही, असं पत्र तिथंच लिहून दिलं आणि त्याच्या नकलेवर शिक्का मारून घेतल्यावरच बाहेर पडली.

आठवड्याभरात कंपनीचा निरोप आला. आम्ही अर्धा खर्च सोसतो, सदिच्छा म्हणून. तुम्ही चालवण्यातली चूक मान्य करा आणि पुढं तक्रार करणार नाही असं लिहून द्या. भाऊ म्हणाले, घे आणि मोकळी हो. मीही तेच म्हणालो.

"चूक माझी असती तर पुरते पैसे दिले असते," ती म्हणाली. "माझी न्हाय. मग अर्धी चूक कशी घेऊ? अर्धी चूक असती व्हय कुठं?"

माग चालवता चालवता यमनाप्पांनी तेवढंच विचारलं, "सही केलीस?"

"न्हाय, आप्पा."

"बरं," ते म्हणाले आणि तुटलेला धागा जोडायला वाकले.

जिल्हा ग्राहक आयोगात तिनं स्वतःच तक्रार दाखल केली. अर्ज कन्नडमध्ये, आमचं आपसातलं बोलणं मराठीत, आणि समोरचा वकील इंग्रजीत. खरी अडचण दुसरीकडूनच आली. आमच्या कारखान्याचा थोडा माल फिरून फिरून त्याच गाडीच्या कंपनीत जातो. एक दिवस मालकांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. दार उघडंच होतं, आम्ही सगळ्यांनी ऐकलं.

"राजेश्वरी, वरनं फोन आलता. मिटवून टाक जरा."

"साहेब, वीस वर्षं तुम्ही मला पगार कशाचा देताय? चुकलेला माल परत पाठवायचा, त्याचा. चुकलेला माल माझ्याच दारात आला तर मी गप्प बसू?"

दुसऱ्या दिवशी तिला तपासणीवरून काढून पॅकिंगला बसवलं. पगार तोच, पण काम खोक्यांना पट्ट्या मारायचं. ती खाली मान घालेल असं ज्यांना वाटलं त्यांना ती ओळखूच आली नव्हती. तारखेला रजा टाकायची आणि अर्जात कारण स्पष्ट लिहायची: ग्राहक आयोगात सुनावणी. गाडी शोरूमच्या मागं धूळ खात पडली, ही बसनं यायची. पाच महिन्यांनी एका गिऱ्हाइकानं माप चुकलं म्हणून आमची अख्खी खेप परत पाठवली, तेव्हा मालकांनी तिला मुकाट्यानं टेबलावर परत बसवलं. माफी कुणी मागितली नाही. पण त्या दिवशी तिनं सकाळीच माझे चार दांडे लाल पेटीत टाकले.

आयोगानं नेमलेल्या तज्ज्ञानं सील आणि दांडा तपासला. कंपनीच्या वकिलानं लेखी म्हटलं होतं, तेलाचा प्रश्नच नव्हता. तज्ज्ञानं अहवालात उलट लिहिलं: सीलची कड जोडणीच्या वेळीच कापली गेली, कारण दांड्यावरची कूस. सुनावणीत वकिलानं राजेश्वरीला विचारलं, "तुम्हाला यातलं काय कळतं?" तिनं पिशवीतनं दांड्यांची जाडी मोजायचा मायक्रोमीटर काढून समोर ठेवला. "मला एवढंच कळतं. पण हे मला नीट कळतं."

निकाल तिच्या बाजूनं लागला: क्लच, दांडा, सील नवीन, एक पैसा न घेता; वर नुकसानभरपाई. कंपनी बेंगळूरला अपिलात गेली, तिथंही हरली. तवंदी घाटात गाडी बसली त्याला तोवर दोन वर्षं होऊन गेली होती.

गाडी परत घ्यायला आम्ही गेलो, तेव्हा शोरूमनं फुगे लावले होते. केक होता, फुलांचा गुच्छ होता. आशुतोष बदलून गेला होता. त्याच्या जागी आलेली शाल्मली नावाची मुलगी खरंच नम्र होती. "आक्का, गुच्छ धरून एक फोटो काढूया, आणि आमच्याबद्दल चार चांगले शब्द लिहा की."

"फोटो नको," राजेश्वरी म्हणाली. "तुझा ह्यात काही दोष न्हाय गं, केक तुम्ही सगळी खावा. पण लिहायचं म्हणतीस तर लिहितो."

तिथल्याच खुर्चीत बसून तिनं फोनवर लिहायला घेतलं. कन्नडमध्ये आणि मराठीतही. तारखा, कापलेलं सील, अर्ध्या पैशांचा निरोप, सगळं. शेवटी लिहिलं: सही करण्याआधी गिअरबॉक्स उघडायला लावा. अर्ध्या तासानं राजेश्वरीनं बटण दाबलं, किल्ली उचलली आणि मला म्हणाली, "बसतोस का? न्हायतर बस हाय साडेपाचची."

मी बसलो. सर्व्हिस रोड संपला आणि तिनं पाय दाबला.