हिरवं बटण

उद्या लेक खऱ्या विजेला हात लावणार, हा विचार सकाळपासून आईच्या डोक्यातून काही केल्या हलत नव्हता.

तसं पाहिलं तर घाबरण्यासारखं होतं काय? लेक विद्युत अभियंता होती, तीही विशेष प्रावीण्यासह. ही सगळी विद्या तिनं आतल्या खोलीत, पलंगावर, पाठीला दोन उश्या लावून मिळवली होती. कॉलेजच्या माहितीपत्रकात 'शंभर टक्के प्रात्यक्षिकांसह' असं ठळक छापलं होतं आणि कॉलेज शब्दाला जागलं. संगणकाच्या पडद्यावर एक अख्खी प्रयोगशाळा होती. माउसनं वायर ओढायची, मोटारीला जोडायची आणि कोपऱ्यातलं हिरवं बटण दाबायचं. मगच वीज यायची, अगदी शहाण्यासारखी. चुकलं तर मोटार लाल व्हायची आणि एक गोड आवाज म्हणायचा, "पुन्हा प्रयत्न करा." लेकीनं तिथं इतक्या मोटारी जाळल्या, की खऱ्या असत्या तर कॉलेजला टाळं लागलं असतं. पण ना धूर, ना वास. बिस्किट खाता खाता ती पुढची जाळायला घ्यायची.

सोल्डरिंगची परीक्षा तर आईनं दारात उभं राहून पाहिली होती. तापलेलं हत्यार कुठल्या टोकाला धरावं, याला चार पर्याय होते. लेकीला पैकीच्या पैकी मिळाले.

आईनंही रसायनशास्त्राची पदवी घेतली होती, पण त्या मागासलेल्या काळात, म्हणजे प्रयोगशाळेला दार असायचं तेव्हा. तिच्या डाव्या मनगटावर ॲसिडचा डाग अजून होता.

"बघ, म्हणून ऑनलाइन बरं," लेक म्हणायची. "आमच्या वर्गात कुणाला साधा ओरखडा नाही."

"मीटर हातात तरी घेतलास का गं कधी?"

"आई, हातात काय घ्यायचंय? संकल्पना कळावी लागते."

यावर बाबा खूश व्हायचे. बाबा विमा कंपनीत अपघातांचे दावे तपासत. अपघात दुसऱ्यांच्याच मुलांना होतात, असा त्यांचा आजवरचा अनुभव होता.

नोकरी लागली ती विजेच्या मोटारी दुरुस्त करणाऱ्या कारखान्यात. मुलाखत अर्थातच ऑनलाइन. प्रात्यक्षिकांचे गुण पाहून तिथले सुपरवायझर इतके भारावले, की काल त्यांचा फोन आला. "तुमचं प्रॅक्टिकल पक्कं दिसतंय. सोमवारी थेट चाचणीच्या टेबलावरच या. बरोबर माणूस द्यायची गरज नाही." लेक "हो सर" म्हणाली. ती खोटं बोलली नव्हती. प्रॅक्टिकल कुठं केलं, हे त्यांनी विचारलंच नव्हतं.

आणि आज सकाळी इस्त्री बंद पडली.

"घरात इंजिनीअर असताना दुकानात कशाला न्यायची?" बाबा वर्तमानपत्रामागून म्हणाले. लेकीनं रुबाबात स्क्रू-ड्रायव्हर मागितला.

आई चहा घेऊन आली तेव्हा इस्त्रीचं मागचं झाकण उघडं होतं आणि लेकीची बोटं आतल्या सुटलेल्या वायरीकडे निघाली होती. प्लग भिंतीत जागच्या जागी. बटण चालू. त्याचा लाल दिवा ऐटीत पेटलेला. कप कुठं पडला ते आईला कळलं नाही. तिनं धावत जाऊन बटण बंद केलं.

"काय झालं?" लेकीनं विचारलं.

"चालू होतं ते."

"असं कसं? मी अजून सुरू कुठं केलंय?"

ती चेष्टा करत नव्हती. इस्त्रीच्या आजूबाजूला ती खरोखरच काहीतरी शोधत होती. ती पडद्यावरचं ते हिरवं बटण शोधत होती, हे आईच्या लक्षात आलं.

"लागलं नाही ना? मग झालं तर," बाबा म्हणाले.

"तुझ्या सुपरवायझरांना सांग," आई लेकीला म्हणाली, "सुरुवातीला कुणीतरी बरोबर द्या म्हणावं."

"म्हणजे जायच्या आधीच सांगू, की मला येत नाही? ठेवतील का मग मला?"

"नाही ठेवलं तर घरी येशील ना."

"आई, प्लीज. आणि तू मध्ये पडू नकोस, माझी इज्जत जाईल." लेक आत गेली आणि विजेपासून सुरक्षिततेचा व्हिडिओ लावून बसली. वेग दुप्पट.

नेमणुकीचं पत्र बाबांनी हौसेनं फ्रेम करून बाहेरच्या खोलीत लावलं होतं. खाली सुपरवायझरांचा नंबर होता. आई फोन घेऊन तिथं जाऊन उभी राहिली.

"रविवारी कुणाला फोन करतेस? पोरीचं हसं करू नकोस," बाबा म्हणाले.

"मला एक सांगा," आई वळून न बघता म्हणाली. "तरुण मुलांचे दावे घेऊन तुमच्या ऑफिसात कोण येतं हो?"

बाबांनी पान उलटलं. मग वर्तमानपत्र खाली ठेवलं.

"आईबाप," ते म्हणाले.

आईनं चष्मा लावला आणि फ्रेममधला एकेक आकडा वाचून दाबायला सुरुवात केली. लेक महिनाभर तरी अबोला धरणार, हे तिनं गृहीतच धरलं होतं.