मेलेला हिरो आणि ताटातले तांदूळ

एकदाच सांगून ठेवते, मेलेला हिरो परत येत नाही. दुसऱ्या विश्वातून त्याच्याच चेहऱ्याचा दुसरा कोणीतरी येतो. यावर माझ्याशी वाद घालायचा तर आधी सगळे भाग ओळीने बघून या.

माझ्या नवऱ्याने बघितले होते, तरी तो वाद घालायचा. आमची ओळखच त्या भांडणातली, नंदुरबारला कॉलेजच्या कँटीनमधली. सुपरहिरोंच्या त्या मालिकेत एक हिरो मरतो आणि पुढे एका सिनेमात पुन्हा हजर होतो. हा म्हणायचा, "चेहरा तोच, आवाज तोच, म्हणजे माणूस तोच." मी म्हणायचे, "अरे, त्याला स्वतःची बायको आठवत नाही! जुन्या नावाने हाक मारली तर वळूनसुद्धा बघत नाही. टाइमलाइन तुटली रे बाबा, हा दुसराच!" भजी गार व्हायची. मित्र हात जोडून उठून जायचे. पुढे घरच्यांनी आमचं लग्न ठरवलं, तेव्हा तेच मित्र म्हणाले, बरं झालं, आता एका घरात बसून भांडा.

लग्नात ताट आलं. ताटात तांदूळ पसरलेले. त्यात नवऱ्याने अंगठीने नवरीचं नवं नाव लिहायचं. ते नाव त्याच्या आत्याने, म्हणजे फुईने, आधीच ठरवून ठेवलं होतं. मला कोणी विचारलंसुद्धा नव्हतं. माझ्या डोक्यात तिडीक गेली.

"थांब," मी म्हटलं. अहो-जाहो राहिलं बाजूला. "माझं आहे तेच नाव राहील."

फुई हसत पुढे आली. "ओ माय, नाव बदलं म्हनीसन कोनी मरस का?"

"मरतं," मी म्हटलं. "आमच्या घरात एक मेलीय."

आणि सांगूनच टाकलं. शाळेत असताना मी आईबरोबर मिरची बाजारात गेले होते. मागून एक बाई आईला तिच्या लग्नाआधीच्या नावाने हाका मारत होती. आई चालतच राहिली. बाईने धावत येऊन खांदा धरला, तेव्हा आईने विचारलं, "कोन पाहिजे तुमले?" ती आईची शाळेतली जिवलग मैत्रीण निघाली. घरी येईपर्यंत आई डोळे पुसत होती आणि मिरचीचा ठसका लागला म्हणत होती.

"तो हिरो आठव," मी नवऱ्याला म्हटलं. "तुला नुसता हा चेहरा पाहिजे, की मी पाहिजे?"

अंगठी हातात धरून त्याने एकदा फुईकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मग म्हणाला, "च्यायला, दुसराच आहे तो." आणि माझं नाव लिहिलं, आईने ठेवलेलं. फुई तोंड फिरवून बसली. बसू दे!

ताटात जागा उरली होती. मी त्याच्या हातातून अंगठी घेतली आणि खाली आईचं ते जुनं नाव लिहिलं. मग मोठ्याने वाचलं, मांडवाच्या टोकापर्यंत ऐकू जाईल असं.

आई मागे बायकांच्या गर्दीत उभी होती. तिने ओ दिली.