नमुन्याचा पेचकस

सेलूच्या मोंढ्याजवळच्या हार्डवेअरवाल्यानं मला फसवलं. माझ्या हातून त्यानं माझ्या दाजींना फसवलं, आणि त्याचा भोग माझी थोरली बहीण भोगते आहे. लोक म्हणतात, तू फसलास. फसणं वेगळं आणि फसवलं जाणं वेगळं, हे मला कुणी शिकवायची गरज नाही.

पाथरीत जीपगाड्या दुरुस्त करत करत मी स्वतःचं गॅरेज उभं केलं. बापाकडून एक पाना मिळाला नव्हता. आता कुणाला जुनी मोटारसायकल घ्यायची असो की कडबाकुट्टीची मोटार, लोक मला सोबत नेतात. वस्तू मी पारखतो, भाव मी पाडतो. माझा राग दुकानदारांना ठाऊक आहे, आणि तोही मी बेतानं वापरतो.

बहीण आणि दाजी दरसाल ऊसतोडीला जातात. यंदा मीच अडवलं. दाजींचा हात यंत्रावर चांगला. तोडीवर अख्ख्या टोळीच्या मोटारसायकली तेच नीट करायचे. वालूरच्या स्टँडजवळ एक टपरी रिकामी होती. मी मुकादमाला सांगून टाकलं, यंदा या दोघांना धरू नका. दिवाळीनंतर ट्रक निघतात. तोवर टपरीवर गिऱ्हाईक लागलं तर दोघं घरी राहणार होते, नाही तर पुन्हा उसाच्या फडात.

पाने मी माझ्या गॅरेजातले जुनेच दिले. पेचकस, म्हणजे स्क्रू-ड्रायव्हर, मात्र नवे घ्यायचं ठरवलं. पाना जुना चालतो. टोक झिजलेला पेचकस चालत नाही. तो पेचाचं डोकं खातो, आणि ते गिऱ्हाइकाला लगेच दिसतं.

मी पेचकस घ्यायला जातो तेव्हा खिशात तीन वस्तू असतात: कार्बोरेटरचा एक पेच, घरातल्या स्विचबोर्डाचा एक, आणि छोटी कानस. टोक पेचात बसवायचं आणि हलवून बघायचं. डुगडुगलं की तो माल परत. टोकावर कानस हलकीच ओढायची. पोलाद पक्कं असेल तर कानस घसरते, कच्चं असेल तर धरते. गाडीच्या कामाला दांडी मुठीतून आरपार गेलेली लागते, कारण गंजलेला पेच हलवायला वरून हातोडी मारावी लागते. मुठीखाली षट्कोनी जागा असली तर पाना लावून जोर देता येतो. घरच्या विजेच्या कामाला उलट दांडी बारीक आणि प्लास्टिकनं झाकलेली पाहिजे. एकच पेचकस दोन्हीकडं वापरणारा माणूस दोन्हीकडं रडतो.

दाजींना घेऊन सेलूला गेलो, तेव्हा त्या दुकानदारानं काउंटरवर एक सेट उघडून ठेवला. मी एकेक उचलून तपासायला लागलो.

"काय उस्ताद, बैल घ्यायलाय का? दात मोजायले की हो!"

"दात मोजले न्हाई तर लाथ मला बसंल, शेठ. तुमाला न्हाई."

माल चोख होता. कानस घसरली, टोक पेचात गच्च बसलं. मग भावाला सुरुवात झाली. त्यानं सांगितलेल्या भावावर मी हसलो, मग चिडलो, मग दाजींचा दंड धरून उठलो. पायरीवर पोचेपर्यंत त्यानं दोनदा हाक मारली.

"अवो, आयका तरी! बोलू तर द्या!"

"बोलायचं काय त्यात? द्यायचं असंल तर द्या."

शेवटी तो मी सांगितलेल्या भावावर आला. आणि तिथंच मी चुकलो. आपल्याकडं काउंटरवरची वस्तू कुणी घेत नाही. दहा हात लागलेली, म्हणून. नमुना बघायचा आणि वर ठेवलेला बंद डबा मागायचा, ही रीत. मीच म्हणालो, "हा नको, कोरा द्या." त्यानं माळ्यावरून डबा काढला, सुतळी बांधली. मी उघडून पाहिला नाही. बैलबाजारात रुमालाखाली बोटं धरून भाव ठरला की त्याच बैलाचा दोर हातात येतो. आत जाऊन कुणी दुसरा बैल आणत नाही. इथं मी आणू दिला.

टपरीचा चौथा दिवस. गावातले एक गुरुजी मोटारसायकल घेऊन आले, कार्बोरेटर साफ करायला. तीन पेच निघाले. चौथा अडला होता. दाजींनी जोर दिला तसं टोकच पिळलं आणि पेचाचं डोकं गुळगुळीत झालं. गुरुजींना मोटारसायकल ढकलत दुसरीकडं न्यावी लागली. संध्याकाळी हॉटेलात ते म्हणाले, "ऊस तोडणाऱ्याच्या हातात गाडी दिली. त्यानं ऊसच समजून तोडली." लोक हसले. त्यानंतर दाजींच्या टपरीवर हवा भरायलाही कुणी थांबेना.

मी पोचलो तेव्हा दाजी तो पेचकस पुसत बसले होते. म्हणाले, "माझंच चुकलं. जोर जास्ती झाला."

बहीण मागून म्हणाली, "जोराचं काय घेऊन बसलात? आणला कुणी ते बोला. पारखी हाय ना आमचा भाऊ!"

तसाच सेलूला गेलो. दुकानात चार गिऱ्हाइकं होती, ते बरंच झालं. काउंटरवर पेचकस ठेवला आणि सगळ्यांसमोर कानस ओढली. काळा मुलामा निघाला, खाली मऊ लोखंड.

"शेठ, हे काय हाय?"

"उस्ताद, त्या भावात हेच येतंय. नमुना वरच्या भावाचा होता."

"मंग तवाच का न्हाई बोललात?"

"तुमी बोलू कुठं दिलं?"

एक जण फिसकन हसला. मी बोलू दिलं नाही, हे खरं. पण सुतळी बांधताना त्याचं तोंड कुणी बांधलं नव्हतं. त्याला माहीत होतं की हा डबा वेगळा आहे. मला माहीत नव्हतं. एवढा साधा हिशेब आहे. त्यानं चांगला सेट पुढं सरकवला, म्हणाला, घेऊन जा, वर काही नको. मी घेतला. काउंटरवर मूठ आपटली तीही लागली, अजून दुखते.

नवा सेट टपरीत टांगलेला आहे. दाजी रोज सकाळी टपरी उघडतात, झाडतात, बसतात. मी दर दोन दिवसांनी पाथरीहून जाऊन बघून येतो. गॅरेजात लक्ष लागत नाही. मुकादम काल पुन्हा विचारून गेला. बहिणीनं कोयते धारेला दिले आहेत. मला सांगितलं नाही, मीच पाहिले.

म्हणून मी त्या दुकानदाराला विचारतो. सेट बदलून दिलास, पण दाजींच्या हाताला जी नावं ठेवली गेली ती कोण बदलणार? ट्रक निघायच्या आत वालूरला ये. त्याच हॉटेलात, गुरुजी चहा पीत असतात तेव्हा, उभा राहा आणि सांग की पेचकस मी बदलला होता, या माणसाच्या हातात खोट नाही. येणार आहेस की नाही, एवढं उत्तर मला पाहिजे.