घोंगडीवरचा लॅपटॉप

त्या दिवशी सकाळी खंडोबापुढे दिवा लावला, डोळे मिटून घटकाभर उभा राहिलो... आणि मग पोरीचा कोरा लॅपटॉप कॉटवरून खाली पाडला. मुद्दाम.

आवाज ऐकून आमची मंडळी, म्हणजे पोरीची आई, स्वयंपाकघरातून धावत आली. "अवो, डोकं फिरलं का काय तुमचं? देवापुढं हात जोडून ह्ये धंदं?"

मी लॅपटॉप उचलून उघडला. चालू! कोपऱ्यावर साधा चरासुद्धा नाही. पडला तरी चालतो असं कंपनीनं लिहिलं होतं, त्याची खात्री करून घेतली, एवढंच. आमच्याकडे बैलसुद्धा औताला जुंपून बघितल्याशिवाय कुणी दावणीला बांधत नाही.

हे सगळं कशासाठी, ते सांगतो. आम्ही निमगाव सावाचे. माझ्या मुलीला, मनीषाला, एका संस्थेत काम मिळालं होतं. आमच्याच तालुक्याच्या घाटाकडच्या टोकाला, मढच्या बाजूला, डोंगरातल्या वाड्यांवर फिरायचं, विहिरींचं आणि झऱ्यांचं पाणी मोजायचं आणि जागेवरच लॅपटॉपमध्ये भरायचं. राहायचं तिकडंच, खोली घेऊन... एकटीनं.

तालुका एकच असला तरी आमचा पाऊस बेताचा आणि मढचा मुसळधार. सरळ नाही म्हणायला तोंड नव्हतं, म्हणून मी अट घातली. आधी तिकडच्या पावसाला टिकेल असा लॅपटॉप शोधू, मग जायचं बघू.

शोधण्यात मी कसूर केली नाही. कितीतरी व्हिडिओ बघितले. तुम्हालाही घ्यायचा असेल तर ऐका... 'लष्करी दर्जाचा' असं लेबल असलं म्हणून भुलू नका, नेमक्या कोणत्या चाचण्या केल्या ते विचारा. झाकण एका हातानं कोपऱ्याला धरून उघडून बघा, पिळवटलं तर ठेवून द्या. बिजागरी घट्ट पाहिजे, आणि कीबोर्डवर पाणी सांडलं तर ते खालून निघून जायला वाट पाहिजे. बारीक, चकचकीत लॅपटॉप दिसतो देखणा, पण आपल्याला तो मिरवायचा नव्हता. आम्ही जाड, रबरी कडांचा घेतला.

पाण्याचीही परीक्षा घेणार होतो. पण माझ्या हातात तांब्या बघून मनीषानं लॅपटॉप छातीशी धरला. "आप्पा, पेलाभर सांडलं तर चालंल म्हणलेत ते. अभिषेक घाला न्हाई म्हणले!"

रुजू व्हायला अजून वेळ होता. तोवर घरूनच ऑनलाइन ट्रेनिंग. मी पेटीतून वडलांची घोंगडी काढली. आमच्या घरात पूर्वी मेंढरं होती, त्यांच्याच लोकरीची ती घोंगडी. वडलांनी रानातले कितीतरी पावसाळे तिच्याखाली काढले. मी नियमच केला... लॅपटॉप घोंगडीवरच ठेवायचा आणि काम झालं की तिच्यातच गुंडाळायचा. मनीषा हसली, पण माझा मान राखून तसं करत राहिली.

काही आठवडे गेले आणि लॅपटॉप तापायला लागला. ट्रेनिंग चालू असतानाच आपोआप बंद पडायचा. खरं सांगतो, मला वाईट वाटायला हवं होतं... पण आतून बरं वाटलं.

म्हणालो, "बघ, घरात ही गत, तिकडं काय टिकणार? कळवून टाक त्यांना, जमत नाही म्हणून."

मनीषा रडली नाही, भांडलीही नाही. मोबाइलच्या दुकानातून बारका स्क्रू ड्रायव्हर मागून आणला, ओट्यावर पेपर अंथरला आणि लॅपटॉप पालथा घातला.

"अगं, वॉरंटी जाईल!"

"न्हाई जात. उघडता यावा असाच केलाय ह्यो. सगळं वाचलंय मी."

एकेक स्क्रू काढून वाटीत ठेवला. पाठ निघाली आणि आम्ही तिघंही वाकून बघायला लागलो. पंख्याला, हवेच्या जाळीला काळी लोकर नुसती थापून बसली होती.

"आप्पा, ह्यात मेंढरू बसलंय!"

मंडळी हसता हसता खालीच बसली. मग पदरानं डोळे पुसत म्हणाली, "पाडला तवा काय झालं न्हाई त्याला. तुमी जपाय लागला, आन् दम कोंडला बघा त्याचा." हे म्हणताना ती लॅपटॉपकडं बघत नव्हती, माझ्याकडं बघत होती.

मी मनीषाच्या हाताकडं बघत राहिलो. कोऱ्या ब्रशनं ती पंखा साफ करत होती. घाई नाही, भीती नाही... "मलापण आधीच कळाय पाहिजे व्हतं," एवढं म्हणाली आणि पुढच्या स्क्रूला लागली. बटण दाबल्यावर लॅपटॉप सुरू झाला, तो परत तापला नाही.

दणकट म्हणजे कधीच न बिघडणारं, असं मी धरून चाललो होतो. बिघडलं तर आपल्या हातानं उघडून नीट करता येणं, हाही दणकटपणाच. देवानं हे दाखवलं, तेही माझ्याच ओट्यावर... त्याचे उपकार.

रविवारी मी स्वतः मनीषाला मढला घेऊन गेलो. पाऊस धो धो चालला होता. शेजारच्या मावशींची ओळख करून घेतली, खोली लावून दिली, दाराची कडी दोनदा ओढून बघितली. नीट रुळेपर्यंत तिच्याबरोबर राहायचं म्हणून मी माझेही कपडे पिशवीत भरून नेले होते.

ती पिशवी उघडलीच नाही. मनीषानं केलेला चहा घेतला, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि घरच्या वाटेवरची, ओतूरकडं जाणारी एसटी धरली.