तो दमा नव्हता

"टीबी आहे, आजी," अकोल्याच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांनी छातीचा फोटो उजेडाकडे धरला आणि वरच्या बाजूला बोट ठेवलं. तिथं आभाळ आल्यासारखं पांढरं दिसत होतं. मग त्यांनी विचारलं, "घरात कुणाला होता?"

माझ्या घरात मी एकटीच.

"मग कुणाची सेवा केलीत? खोकणाऱ्या माणसाजवळ बरेच दिवस बसलात का?"

"एक बाई होती आमच्या मंडळीतली. पन तिले दमा होता."

डॉक्टरीणबाई चिठ्ठी लिहीत राहिल्या.

हे मी ज्यांच्या घरात खोकला आहे त्यांच्यासाठी लिहीत आहे. मी मूर्तिजापूरची. चौथी शिकले. नवरा लवकर गेला, मूल नाही. मुलींच्या बोर्डिंगात पोळ्या लाटून म्हातारी झाले. मंडळी म्हणजे आमच्या चर्चची माणसं. मंडळीत कुणी अंथरुणाला खिळलं की माझ्याकडं निरोप यायचा, आणि मी जायची. पाठ पुसायची, पेज पाजायची, भांडं उचलायची. दयेनं नाही. मला त्यातच बरं वाटायचं. कुणाच्या उशाशी बसले की माझा जीव भरलेल्या घागरीसारखा जड आणि शांत व्हायचा. प्रभूनं मला एवढंच काम दिलं आहे अशी माझी समजूत होती.

आजार आधी मला कळला नाही, माझ्या शेजारणीला कळला. शमीमबी बांगड्या भरते. ईस्टरच्या आधी तिनं माझा हात हातात घेतला, मनगट दाबलं आणि टोपलीवर फडकं टाकलं.

"बांगड्या राहू दे. तुह्या हाताचं माप बदललं, एस्तेर. गेल्या टाईमचे कंगन कोपरापर्यंत चढतीन. संध्याकाळी ताप येते का?"

"येते थोडा."

"थोडा म्हने! चल दवाखान्यात. मले या वयात नवी पडोसीन शोधाची नाही."

ती माझ्याबरोबर अकोल्याला आली. स्पुटम म्हणजे बेडका तपासला, फोटो काढला, आणि निदान झालं ते वर सांगितलंच.

गोळ्या सुरू झाल्या. दुसऱ्या दिवशी मला लाल लघवी झाली. मी घाबरून गोळ्या देणाऱ्या सिस्टरकडं गेले. ती हसली. "आजी, ते रक्त नव्हे. रिफाम्पिसिन नावाची कॅप्सूल आहे, तिचा रंग उतरतो. टीबीच्या सगळ्यांना होते असं."

मी तिथल्या बाकावर बसले.

कारण तो रंग मी ओळखत होते. दम्याची म्हटलेली ती बाई म्हणजे सलोमीबाई; ती वारेपर्यंत तिचं लघवीचं भांडं मी रोज उचलत होते. मी विचारलं होतं, लाल काहून होते वं? तिची सून शीला म्हणाली होती, "उष्णता आहे, मावशी. सब्जा देऊन राहिली." शीला गोळ्या पाकिटातून काढून स्टीलच्या डबीत भरून ठेवायची. दम्याच्या गोळ्या म्हणून त्या मीच सलोमीबाईला माझ्या हातानं द्यायची. खिडकी लावलेली असायची. हवेनं दमा वाढते, असं शीला सांगायची.

आणि सलोमीबाई खोकताना तोंड भिंतीकडं करायची. मला वाटायचं, बाई रागावली आहे. मी म्हणायची, इकडं कर वं, वाटी धरते. तिचं तोंड मी माझ्या हातांनी माझ्याकडं वळवत होते. तिला बोलायची ताकद उरली नव्हती. भिंतीकडं वळायचं, तेवढं तरी तिनं केलं.

मी शीलाच्या घरी गेले. ती सुपात तांदूळ निवडत होती.

"शीला, तुह्या सासूले काय होतं?"

"दमा."

"मंग लघवी लाल काहून होती?"

तिचा हात थांबला. पुन्हा चालू झाला. वर न बघता म्हणाली, "सांगतलं असतं तं तुमी आल्या असत्या काय?"

"आली असती."

"कोनी येत नसते, मावशी. हे सुरतले. वावरात दोन वर्षं काही झालं नाही. माहं अंगनवाडीचं काम आहे, लेकरायची खिचडी करतो मी. घरात टीबी आहे म्हटलं असतं तं गेलं असतं काम. मी एकटीनं काय केलं असतं?"

"मी तोंडाले फडकं बांधून आली असती. खिडकी उघडून बसली असती. पन आली असती."

"आता म्हनता."

हे दोन शब्द मला टीबीपेक्षा जास्त लागले. मी परत आले.

नेहमीच्या गोळ्या मला लागू पडल्या नाहीत. बेडका नागपूरला पाठवला. तिथं कल्चर करतात, म्हणजे जंतू वाढवून त्याच्यावर एकेक औषध घालून बघतात. उत्तर यायला फार वेळ लागला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "एमडीआर आहे, आजी." म्हणजे नेहमीच्या औषधांना न जुमानणारा टीबी. ज्यानं औषध अर्धवट सोडलं त्याच्या अंगात जंतू निर्ढावतो, आणि पुढच्या माणसाला निर्ढावलेलाच लागतो. सलोमीबाईनं दोनदा औषध सोडलं होतं. हे मला नंतर कळलं.

अमरावतीच्या वॉर्डात ठेवलं. ओळीनं खाटा, सगळ्यांच्या तोंडाला कापड. ते कापसाच्या वाईट वर्षांचे दिवस होते. आवारात रोज एखादी गाडी धावत यायची, फवारणीचं औषध प्यायलेला माणूस उतरवायचे, आणि मागून बाईचं रडणं. आम्ही खाटांवरून ऐकायचो. तिथं जगायचं म्हणून सुई टोचून घ्यायची लाज वाटावी असे ते दिवस.

सुई रोजची होती, कॅनामायसिन. काही आठवड्यांनी माझ्या कानात शिट्टी वाजायला लागली. ऑडिओमेट्री केली, म्हणजे काचेच्या खोलीत बसवून कानाला यंत्र लावतात आणि आवाज आला की बोट वर करायचं. मी बोट वर करायची वाट बघत बसले, आणि सिस्टरनं यंत्र काढून घेतलं. मला वाटलं होतं अजून सुरूच झालं नाही.

"सुई बंद केली तर जंतू वरचढ होईल," डॉक्टर म्हणाले. "चालू ठेवली तर कान आणखी जातील. तुम्ही सांगा."

मी म्हटलं, चालू ठेवा. डावा कान गेला. उजवा अर्धा राहिला. आता चर्चमध्ये पेटी वाजते ते मला बघून कळतं.

मंडळीतून पाळकसाहेब एकदा आले. दारात उभे राहून प्रार्थना केली. ओठांवरून मला 'त्याग' हा शब्द कळला. एस्तेरबाईंनी त्याग केला, असं ते म्हणत होते.

मला राग आला तो तिथं. मी कुठला त्याग केला? त्याग देतात. माझ्याकडून तर काढून नेलं. येशूनं जीव दिला तो माहीत असून दिला. आपल्याला शत्रूच्या हाती धरून देणारा शिष्य कोण हे माहीत असून त्याचे पाय धुतले. मला कुणी माहीतच होऊ दिलं नाही. मी देणारच होते, ते माझ्या हातात येण्याआधीच चोरलं. फुफ्फुस गेलं, कान गेला, त्याचं मी सोसलं. पण माझं देणंच खोटं करून टाकलं, ते सोसवेना.

दोन वर्षांनी बेडका स्वच्छ आला. डॉक्टरीणबाईंनी माझा हात दाबला. मी घरी आले आणि ठरवलं, आता कुणाच्या उशाशी जायचं नाही.

प्रभूभोजनाला मंडळी मला सगळ्यांत शेवटी बोलवायची. आमच्यात त्या वेळी द्राक्षरसाचा सगळ्यांचा एकच प्याला असतो. हा रोग प्याल्यानं नाही, हवेनं पसरतो, हे मी सांगून थकले. मग जाणंच सोडलं. घरी वेळेवर जेवायची, झोपायची. अंगावर मांस आलं. शमीमबीनं मला पुन्हा जुन्या मापाच्या बांगड्या भरल्या. आणि खरं सांगते, इतकं रिकामं मी कधी जगले नव्हते. पेटीत जपून ठेवलेल्या लुगड्याला कसर लागते, तसं झालं होतं. तब्येत चांगली आणि दिवस उजाडला तरी उठायला कारण नाही.

मग एक दिवस शमीमबीनं माझ्या उजव्या कानाशी तोंड आणून सांगितलं, "शीला खाटेवर पडली, खोकून राहिली. पोरीले माहेरी पाठवलं. नवरा सुरतेहून येत नाही. मंडळीतलं कोनी फिरकत नाही."

मला बरं वाटलं. खोटं का सांगू? मी भाजी चिरत होते, ती चिरून पूर्ण केली.

काही दिवस तसेच गेले. पोळी गिळताना मला सलोमीबाईची भिंत दिसायची. शेवटी अकोल्याला जाऊन डॉक्टरीणबाईंना विचारलं, शीलाकडं जाऊ का. त्या म्हणाल्या, "तुम्हाला पुन्हा होऊ शकतो. जाऊ नका, असंच मी सांगीन. जाणारच असाल तर मास्क, उघड्या खिडक्या, आणि तिला उन्हात बाहेर बसवा."

घरी येऊन मी पातेल्यात पेज केली. शमीमबी चौकटीत येऊन उभी राहिली.

"त्या झुटीकडं चालली? जिनं तुले बहिरी केली?"

"व्हय."

"मंग मी तुह्याशी बोलनार नाही."

"मले तसंही ऐकू येत नाही."

ती हसली नाही. घरात गेली आणि माझा मास्क घेऊन आली. तो मी खुंटीवरच विसरले होते. तिनंच माझ्या तोंडाला बांधला, डोक्यामागं गाठ ओढली, दुखेल इतकी घट्ट.

शीलाच्या दाराशी पोचले तर दार लोटलेलं. मी ढकललं. आत अंधार होता, खाटेवर गोधडीचा ढीग. ढीग हलला. शीलानं मला बघितलं आणि हात वर केला, थांबा असा. ती काहीतरी बोलली. ओठ हललेले मला दिसले.

"ऐकू येत नाही," मी म्हटलं. "मोठ्यानं बोल."

ती पुन्हा बोलली. खोकला आला. तिनं तोंड भिंतीकडं केलं.

"अजून मोठ्यानं."

ती कोपरावर उठून बसली. गळ्याच्या शिरा ताणल्या आणि ओरडली, "मावशी, आत येऊ नका! मले टीबी आहे! सासूबाईले बी टीबीच होता!"

गल्लीतल्या बायका दारांत आल्या. समोरच्या घरी दळण निवडणारी उठून उभी राहिली. सगळ्यांनी ऐकलं.

मीही ऐकलं, उजव्या कानानं. एवढंच मला कुणीतरी आधी सांगायला पाहिजे होतं.

मी माफ केलं असं मी लिहिणार नाही. ते अजून झालेलं नाही, झालं तर प्रभू बघेल. तुमच्या घरात खोकला असेल तर तपासा, गोळी अर्धवट सोडू नका, आणि जो उशाशी येऊन बसतो त्याला आधी खरं सांगा. येणारा तरीही येतो. त्याच्यावर तेवढा विश्वास ठेवा.

मी पेज खाली ठेवली, आत गेले आणि दोन्ही खिडक्या उघडल्या.