चार नंबरच्या डब्याचं मूळ

मूर्तिजापूरच्या रेल्वे शेडमध्ये छोट्या गाडीचे डबे दुरुस्त करणारा धर्मपाल सुतारकामात एक्का होता आणि तोंडाने तिखट. मी तिथला कारकून. आमचं रोज वाजायचं आणि रोज मिटायचं.

बासष्ट साली वरून कागद आला : ज्या जुन्या डब्यांचं मूळ ठाऊक नाही, ते भंगारात काढावेत. आमच्याकडे असा एकच होता, चार नंबर. त्याची बाकं, खिडक्या, दारं, सगळं धर्मपालने स्वतःच्या हाताने नवं केलेलं. कागद ऐकून त्याचा चेहराच उतरला.

मग मूळ शोधायची धांदल उडाली. गार्ड खुशालराव छातीठोकपणे सांगत, डबा विलायतेचा. स्टेशनमास्तर म्हणत, कुण्या संस्थानिकाच्या शिकारीचा. दोघांनाही काडीची माहिती नव्हती. शेवटी धर्मपालने रंग खरवडला. हिरव्याखाली तपकिरी, तपकिरीखाली पिवळा, आणि त्याखाली कारखान्याच्या पाटीची नुसती चार भोकं!

"विलायत लिहून टाकू," मी म्हटलं. "कोण बघायला जातंय?"

"खोटं काहून लिवाचं? तपासनीले सायेब येईन, त्याले बसवा डब्यात."

तपासणीचे साहेब आले तो अंजनगावच्या बाजाराचा दिवस होता. डबा टोपल्यांनी, कोंबड्यांनी आणि बायाबापड्यांनी गच्च. धर्मपालने साहेबांसमोर बाकावर काठोकाठ भरलेला चहाचा कप ठेवला. वळणावर दोन थेंब सांडले, ते त्याने बाहीने झटकन टिपले. साहेबांनी पाहिलं आणि ते हसले.

"डबा ठणठणीत आहे," फॉर्म उघडत ते म्हणाले. "पण मूळचा कुठला?"

"सायेब, आमी छप्पन साली बौद्ध झालो. तवापासून नाव सांगतलं का लोक इचारतेत, मूळचे कोन? माहं काम कोनी पाहत नाही. या डब्याचं तरी चाक पाहा, ब्रेक पाहा. मूळ काहून पाहता?"

साहेबांनी पेन काढलं. मग त्यांनी 'मूळ' या रकान्यावर आडवी रेघ मारली आणि खाली लिहिलं, 'डबा चालू ठेवावा.'

टोपलीवाल्या बाया खिदळल्या, खुशालरावांनी उगाचच शिट्टी फुंकली. मलाही आनंद झाला, पण मान वर करवेना. मी शेडमध्ये बदलून आलो त्या पहिल्याच दिवशी धर्मपालला 'मूळचा कोण?' हा प्रश्न मीही विचारला होता. त्याने उत्तर दिलं नव्हतं. माझी मोडकी खुर्ची मात्र त्याच दुपारी नीट करून दिली होती.